मुलीचे मामा श्री. बुंदीराव

बुंद्या, अरे अल्बम आला! माघातलं लग्न, आणि "आज देतो, उद्या देतो" करत त्या फोटोवाल्यानं आषाढ संपवत आणला. सकाळी गाडीवर येऊन हातात टेकवून गेला. माझे हात शेणाचे. तसेच पदराला पुसले आणि ओट्यावर बसूनच उघडला. नवरा-नवरीकडं बघितलंसुद्धा नाही रे, आधी तुला शोधलं. आणि सापडलास की! दोन्ही पानं मिळून एकच फोटो, मधोमध तू. डोक्याला गुलाबी फेट्याची पट्टी, एक कान फेट्यात नि एक बाहेर, जीभ हातभर लोंबलेली, आणि ते दुधाळ डोळे थेट कॅमेऱ्याकडं. दिसत काही नव्हतं तुला, पण ऐट बघावी लेकाची! कारखान्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसाचीसुद्धा मान एवढी ताठ नसते.

मी ओरडलेच, "बुंद्या, ये की बघायला!" आणि सवयीनं फरशीवर पाय आपटला. मग गोठ्याकडं बघितलं, नि तुझं पोतं मोकळं दिसलं. गेल्या आठवड्यात गेलास तू. हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहिलं, झालं एकदाचं.

आता रडायला मला वेळ नाही, कारण मला तुझ्याशी भांडायचंय. पंचमी तोंडावर आलीय. आपल्या अक्षूची लग्नानंतरची पहिली पंचमी! लेकीला सासरहून आणायला मुराळी लागतो, माहेरचा माणूस, भाऊ नाहीतर मामा. अक्षूला भाऊ नाही. मलाही नाही. होतास तो तू एकटा, आणि तू ऐन सणाच्या तोंडावर अंग काढून घेतलंस. तुझे दाजी म्हणाले, "मी जातो की." तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या, "बाप जातो व्हय आणायला? बाप घरात बसून वाट बघतो. माहेरचं कोण न्हाय, असं दिसायला नको लोकांस्नी." माहेरचं कोण नाही! मी कणीक तिंबत होते, तशीच जोरात तिंबत राहिले.

माझं माहेर म्हणजे तूच होतास ना रे. अण्णा गेले, माझे वडील, तेव्हा आई आधीच गेलेली आणि मी एकुलती एक. इंदापूरकडं आमच्या गावी तेराव्याला भावकी जमली. शेजारच्या घरातला चुलतभाऊ, दत्तूदादा, मला म्हणाला, "शोभे, काय न्यायचं ते ने." घरात तांब्याचा हंडा होता, पितळेची परात होती. पण गोठ्यामागं अण्णांच्या कुत्रीचं एक पिल्लू उरलं होतं. पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, कुणीतरी बुंदी सांडल्यासारखे. मी ते उचललं. तर हा दत्तूदादा चार माणसांत फिदीफिदी हसला. "सगळ्या लेकी हंडा-परात नेत्यात, आन तू कुत्रं न्यायलीस व्हय?"

माझं टाळकंच सरकलं. बाप जाऊन तेरा दिवस झालेले आणि ह्याला हसू येतंय! मी म्हणाले, "व्हय, नेती. आजपासनं हाच माझा भाऊ. दुसरा कोण न्हाय मला." त्याचं तोंड उतरलेलं मी बघितलं, पण बोलले ते बोलले. तिथून पंधरा वर्षं त्यानं फोन केला नाही नि मीही केला नाही. तो हट्टी, मी त्याच्यावर कडी. आमच्या घराण्याचं पाणीच तसलं.

आणि इंदापूर स्टँड आठवतं का? बारामतीच्या गाडीला ही गर्दी! तुझ्या दाजींनी खिडकीतून टॉवेल टाकला, जागा धरायला. आम्ही अजून खालीच, आणि एक धिप्पाड गडी आतून टॉवेल बाजूला सारून बसायला लागला की! मला काही सुचेना. मी खिडकीतून तुलाच आत सोडलं, टॉवेलवर. मुठीएवढा जीव तू, पण काय गुरगुरलास! गडी "आयला!" करून उडाला. अक्षू तेव्हा दुसरीत, ती खाली टाळ्या पिटत नाचतेय. कंडक्टर आला, "हे कुत्रं कुणाचं?" तुझे दाजी छाती काढून म्हणाले, "कुत्रं न्हाय ते, मेव्हणा हाय माझा. जागा धरून बसलाय." सगळी गाडी हसली.

तिथून तू कन्हेरीला, माझ्या सासरी, आलास तो नातीगोती घेऊनच. अक्षूचा मामा. ह्यांचे मेव्हणे. सकाळी चहा ओतताना हे विचारायचे, "काय मेव्हणं, बशीभर घेणार का?" आत्याबाई आधी नाक मुरडायच्या, पण त्यांचं कुलदैवत खंडोबा, आणि त्याच्या पायाशी कुत्रं असतंच. मग म्हणाल्या, "देवाला चालतंय तर मला का चालंना?" भाऊबीजेला मी तुला ओवाळायची. पहिल्या वर्षी चेष्टेनं, पुढं मनापासून. आणि तुझी ओवाळणी! माळेगावच्या कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या निघाल्या की तू मागं धावायचास, लोंबणारा ऊस दातात धरून खेचायचास, आणि फरफटत आणून माझ्या पायाशी टाकायचास. ट्रॅक्टरवाले शिव्या द्यायचे, नि मी आत पदर तोंडाला लावून हसायची.

म्हातारपण मात्र तू चोरून आणलंस घरात. आम्हाला पत्ताच नाही. ह्यांची गाडी फाटकात आली तरी तू उठेनास, तेव्हा हे म्हणाले, "मेव्हणं रुसल्यात." आम्ही तुझी समजूत घालतोय, लाडू काय, साय काय! शेवटी अक्षूनं तुझ्या मागं उभं राहून ताट बडवलं, आणि तू ढिम्म. तेव्हा कळलं की कान गेले. मग अक्षूनंच शोध लावला, पाय आपटला की जमीन हलते आणि तू मान वर करतोस. झालं, सगळं घर पाय आपटत हिंडायला लागलं! गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणाऱ्या आत्याबाई तुला भाकरी द्यायला धाडधाड पाय आपटायच्या. पाहुण्यांना वाटायचं, ह्या घरात सासू-सुनांचं काहीतरी बिनसलंय.

मग डोळे गेले, मग मागचे पाय. गाईंचे डॉक्टर आले होते, त्यांना तुला दाखवलं. म्हणाले, "वहिनी, ह्याला आजार न्हाय, ह्याचं वय झालंय. वयाला इंजेक्शन नसतं." तरी गोळ्या दिल्या. मी त्या भाकरीच्या लगद्यात सायीखाली दडवायची, आणि तू साय चाटून, लगदा खाऊन, गोळी तेवढी स्वच्छ करून ताटलीच्या कडेला ठेवायचास. अरे, डोळ्यांनी दिसत नव्हतं ना तुला? मग गोळी बरी सापडायची! थंडीत तुला अक्षूचा शाळेचा निळा स्वेटर घालायचो. कालवड तुझी पाठ चाटत बसायची, आणि पूर्वी तिच्या आई-आजीला पळवणारा तू गपगुमान चाटून घ्यायचास. तुझ्या अंगाला तेव्हा म्हातारा वास यायचा. आला तर आला. मला आवडायचा.

पण एक भांडण आपलं मिटलंच नाही. अक्षू एमआयडीसीतल्या दुधाच्या कंपनीत होती. संध्याकाळी तिची स्कूटी यायची त्या वेळेला तू उठायचास, पडायचास, पुन्हा उठायचास, फरफटत फाटकापर्यंत जायचास. मी म्हणायची, "ये, उचलून नेते," तर अंगावर गुरगुरायचास. माझ्यावर! हे उचलायला आले तर त्यांच्यावर. गुडघे सोलवटून यायचे, मी हळद लावायची आणि शिव्या घालायची. अजूनही माझं म्हणणं तेच आहे बुंद्या. बहिणीनं उचललं तर काय इज्जत जात होती तुझी?

मग अक्षूला स्थळ आलं ते नेमकं इंदापूरकडचं. गुरुजींनी दोन मुहूर्त काढले, एक माघातला नि एक वैशाखातला. वैशाख सगळ्यांच्या सोयीचा होता. तरी हे म्हणाले, "माघच बरा, उन्हाळ्यात पाहुण्यांचे हाल." आत्याबाई म्हणाल्या, "माघात आंबा न्हाय, पण थंडी बरी." अक्षूनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माघावर बोट ठेवलं. वैशाखापर्यंत तू निघतोस का नाही, हे कुणी तोंडातून काढलं नाही, पण लग्न तुझ्या तब्येतीवर ठरलं, हे सांगून ठेवते.

आणि ती पत्रिका! मी बजावलं होतं, मामा म्हणून कुणाचं नाव घालायचं नाही. आत्याबाई म्हणत होत्या दत्तूचं घाला. छापखान्याशी बोलायचं काम अक्षूकडं होतं. पत्रिका आल्या, गठ्ठेच्या गठ्ठे वाटून झाले, आणि एक दिवस हे ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागले. "मामा, श्री. बुंदीराव आणि श्री. दत्तात्रय..." आणि थांबले. "शोभा, मेव्हण्याचं नाव छापलंय!" मी हातातलं लाटणं घेऊन अक्षूच्या मागं धावले. ती पळता पळता ओरडतेय, "खोटं काय हाय त्यात? दोघंबी तुझं भाऊच!" तू मधे पोत्यावर झोपलेला, तुझ्या गावीही नाही.

तिकडं दत्तूदादाच्या घरी पत्रिका गेली. ही गंमत मला नंतर त्याच्या बायकोकडून, वहिनीकडून कळली. तो म्हणे पत्रिका घेऊन गावभर हिंडला. "हा बुंदीराव कोण? आपल्या भावकीत असा कोण न्हाय. आन ह्याचं नाव माझ्या आधी का?" वहिनीला म्हणाला, "लग्नाला जायाचं नव्हतंच मला. पर आता जातो. ह्यो बुंदीराव कोण ते बघूनच येतो!"

आणि आला की रे! लग्नाला ही गर्दी, माइकवर सत्कारामागून सत्कार चाललेले, अक्षता हातात धरून लोक कंटाळलेले. निवेदकाला तर माइक सोडवेना. पत्रिका डोळ्यांसमोर धरून म्हणतो, "मुलीचे मामा, आदरणीय बुंदीराव आणि दत्तात्रयराव, यांनी मंचावर यावं. टोपी-टॉवेल देऊन त्यांचा सन्मान करण्यात येईल!" तिसऱ्या रांगेतून दत्तूदादा उठला. केस पांढरे झालेले, पाठीत वाकलेला. मी बघतच राहिले, हा इतका म्हातारा कधी झाला? मंचावर जाऊन त्यानं टोपी-टॉवेल घेतलं आणि मान वळवून वळवून शोधतोय, दुसरा कोण येतोय ते. निवेदक पुन्हा, "बुंदीराव... बुंदीराव आलेत का? जेवायला बसले असतील तर त्यांना कुणीतरी निरोप द्यावा!"

तेवढ्यात अक्षू खोलीच्या दारात आली. पिवळी साडी, मुंडावळ्या, हातभर चुडा. सगळे तिच्याकडं बघतायत, आणि ही पोरगी तिथंच थांबली आणि पाय आपटला. धाड! नवरीनं!

रुखवताच्या टेबलाखाली तुझी मान वर झाली. तू उठलास. गालिच्यावर मागचे पाय घसरले, बसलास. पुन्हा उठलास. हे धावले उचलायला, तू गुरगुरलास, ते थबकले. पुन्हा पडलास. तेवढ्यात मंचावरून दत्तूदादा उतरला. सत्काराचा टॉवेल त्यानं झटकला, तुझ्या पोटाखालून घातला आणि दोन्ही टोकं धरून तुझं मागचं अंग तोलून धरलं. मी डोळे मिटले. म्हटलं, आता हा चावणार! डोळे उघडले तर तू नाक वळवून त्याचा हात हुंगतोयस, मग बाही, मग धोतर. हुंगतोयस, हुंगतोयस. अण्णांच्या गोठ्याचाच वास रे तो, त्याच अंगणाचा, जिथं तू जन्मलास. शेपूट हलली तुझी! आम्ही उचललं तर गुरगुरणारा तू, त्याच्या हाताच्या टॉवेलवर झोकात चालायला लागलास. अक्षूनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तू तिला बोहल्यापर्यंत नेलंस. शिट्ट्या काय, टाळ्या काय! आणि तो निवेदक, त्याच्या तोंडात साखर पडो, एका दमात सावरून म्हणतो, "बुंदीराव मंचाकडं येत आहेत!" अल्बमातला फोटो तो, तेव्हाचा. मंगलाष्टकांना तू नवरीच्या पदरावर घोरत होतास, तेही आहे पुढच्या पानावर.

निघताना दत्तूदादा तुझ्यापाशी वाकला. मला विचारलं, "हे तेच व्हय?"

"तेच."

"लई जगलं."

"माहेरचं हाय, टिकणारच."

त्यानं टॉवेल तुझ्या पाठीवर टाकला, म्हणाला, "मागच्या पायास्नी तेल लाव कोमट करून," आणि गेला. 'दादा, थांब' असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. नाही म्हटलं. तो बस स्टँडकडं जाताना मी मंडपाच्या दारातून बघत होते.

त्यानंतर तो टॉवेल तुझा झाला. टॉवेल असला की माझ्या हातानंही चालायचास, एवढी तरी सवलत दिलीस. मांडवपरतणीला ह्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर बसून मुराळी गेलास आणि अक्षूला घेऊन आलास. ती परत सासरी गेली तरी संध्याकाळी फाटकाशी जायचं तू सोडलं नाहीस. मी तुझ्या बहिऱ्या कानात ओरडायची, "अक्षू नांदायला गेलीय रे!" आणि तरी टॉवेल धरून तुझ्याबरोबर जायची. आपण दोघं उभे राहायचो. खरं सांगू का, मीही तिचीच वाट बघायची. तुझ्यामुळं मला तिथं उभं राहायला निमित्त मिळायचं.

गेलास ते कोवळ्या उन्हात, गोठ्याच्या भिंतीला टेकून. कालवड चाटत होती. ह्यांनी बशी ठेवली, पाय आपटला. पुन्हा आपटला. मग तिथंच मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मेव्हणं गेलं, शोभा." एवढा मोठा बाप्या माणूस, बशीतला चहा निवेपर्यंत तुझ्या पाठीवरून हात फिरवत होता. आत्याबाईंनी तुझ्या कपाळाला भंडारा लावला. फाटकाशीच पुरलं तुला, जिथं उभा राहायचास तिथं. "टॉवेल बी घाल संगट," त्या म्हणाल्या. माझ्यानं नाही झालं. तो मी धुऊन दोरीवर वाळत घातला, आणि काढलाच नाही.

थांब, फाटकाशी कुणाची तरी गाडी वाजतेय.

बुंद्या! अरे दत्तूदादा आलाय! खराच! अक्षर बघ कसं वाकडंतिकडं येतंय माझं. फाटकाशी थांबला, चपला काढल्या, तुझ्या मातीला हात लावला आणि मग आत आला. आत्याबाईंनी लगबगीनं पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणतो, "अक्षूचा फोन आल्ता. रडत हुती. सगळं कळलं." मग खाली बघत म्हणाला, "पंचमीला पोरीला आणायला कोण जातंय?"

म्हटलं, "ठरलं न्हाय."

"मी जाऊ का?" म्हणाला. "पत्रिकंत दुसरं नाव माझं हाय."

बुंद्या, मला हसू फुटलं आणि रडूही, एकदमच. "दादा" एवढंच निघालं तोंडातून. पंधरा वर्षांनी! आत चहा ठेवलाय मी, दूध उतू जाईल, पण तुला आधी सांगायला आले. अंगणात जाऊन त्यानं दोरीवरचा टॉवेल काढला, खांद्यावर टाकला, आणि मुराळ्यासारखा ऐटीत उभा आहे बघ.

इंदापूर स्टँडवर टॉवेलवर बसला होतास, तसाच इतकी वर्षं बसून राहिलास रे. आम्हाला वाटलं, जागा तुझीच. ज्याची होती तो आलाय आता. ऊठ माझ्या राजा. बसू दे त्याला.